धातुशोधक यंत्र आणि कोकणातील पावसाळा

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी शेतकरी घर शाकारतो, नांगराचा फाळ पाजवून आणतो, सरपण आत घेतो. अवजारांची निगा कशी राखावी हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही. परंतु अलीकडे आपल्या घरात जी नवी यंत्रे आली आहेत, त्यांच्या निगेची रीत अद्याप अंगवळणी पडलेली नाही. त्यांपैकी धातुशोधक यंत्र, ज्यास सर्वत्र मेटल डिटेक्टर म्हणतात, त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

शेतकऱ्यास हे यंत्र कशास हवे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा घरांचे पत्रे उडाले व त्यांबरोबर खिळे, आकडे व तारांचे तुकडे वाड्यांतून विखुरले. वरचे वेचले गेले. मातीत रुतलेले राहिले. गाय किंवा म्हैस चारा निवडून खात नाही, भराभर गिळते. चाऱ्याबरोबर गेलेली तार तिच्या जाळीदार पोटात अडकते आणि पोटाच्या हालचालीबरोबर पुढे सरकत पडदा भेदून हृदयापर्यंत जाऊ शकते. जनावर चारा टाकते, पाठ कमानीसारखी करून उभे राहते, कण्हते. आणि पुष्कळदा रोग ओळखेपर्यंत वेळ निघून जाते. म्हणून मांडव्याकडील आम्ही काही शेतकऱ्यांनी वर्गणीने एक यंत्र घेतले. ज्या वाडीतील गवत कापावयाचे, ती आधी यंत्राने तपासावयाची, असा परिपाठ ठेविला.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. दांड्याच्या खालच्या टोकास चकतीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विजेचा प्रवाह सोडिला म्हणजे सभोवती चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते. त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्या अंगात भोवऱ्यासारखे सूक्ष्म प्रवाह फिरू लागतात. ते उलट वेटोळ्यावर परिणाम करितात व वरच्या पेटीतून आवाज निघतो. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यास अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी याच तत्त्वाचे यंत्र वापरले होते. तो प्रयत्न फसला. पुढे दुसऱ्या महायुद्धात जमिनीतील सुरुंग शोधण्यास असलीच यंत्रे उपयोगी पडली.

आता मुख्य विषयाकडे वळू. पाऊस लागला म्हणजे यंत्र बिघडते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. बहुतेक यंत्रांची चकती पूर्ण बंद केलेली असते. तिला पाण्याचे भय नाही. भय आहे ते वरच्या पेटीस, सेलच्या कप्प्यास, आवाजाच्या जाळीस आणि तार जोडण्याच्या तोंडास. यंत्र विकत घेताना त्यावर 'आयपी' या अक्षरांपुढे दोन अंक असतात ते पाहावे. पहिला अंक धुळीविषयी, दुसरा पाण्याविषयी. आयपी ५४ असल्यास उडालेल्या पाण्यापासूनच रक्षण होते. आयपी ६७ असल्यास एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची कसोटी झालेली असते. पण ही कसोटी नव्या यंत्राची व गोड्या पाण्यातील असते. रबरी गादी झिजली, की त्या अंकांवर विसंबता येत नाही.

पावसाहून मोठा शत्रू आपल्या किनाऱ्यावर निराळाच आहे, तो मीठ. वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार यंत्रावर बसतात, खारीच्या बांधावरून फिरविले की चिखलातील क्षार लागतो. स्वयंपाकघरातील मिठाची बरणी आषाढात पाझरते हे आपण दरवर्षी पाहतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून विरघळू लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याहून अधिक असणे हे नित्याचेच आहे. म्हणजे ज्या यंत्रावर मीठ बसले आहे, ते घरात, छपराखाली, एकही थेंब न लागता ओलेच राहते. अशा खाऱ्या ओलीत तांबे व लोखंड फार लवकर खाल्ले जाते.

दुसरा शत्रू कोंडलेली ओल. येथे आमचीच चूक सांगणे प्राप्त आहे. २०२१ च्या आषाढात खारीलगतची वाडी तपासताना सर आली. यंत्र भिजू नये म्हणून आम्ही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून तोंड घट्ट बांधिले आणि घरी आल्यावर तसेच माळ्यावर ठेविले. काळजी घेतली, असे समाधानही वाटले. भाद्रपदात पिशवी सोडिली तो सेल फुटून कप्प्यात पांढरट-हिरवट कीट साचलेला, पितळी पट्ट्या खाल्लेल्या, यंत्र मुके. त्या वर्षी वाड्या न तपासताच गवत कापले गेले. दिवाळीच्या सुमारास शेजारच्या घरची दुभती गाय गेली, आणि तिच्या पोटात चार बोटे लांबीची तार निघाली. यंत्र चालू असते तर तीच तार सापडली असती, असे छातीठोकपणे म्हणवत नाही. परंतु शोध घेताच आला नाही, ही गोष्ट मनास लागून राहिली आहे.

यावर उपाय आपल्या पूर्वजांच्या इरल्यात आहे. लावणीच्या वेळी पाठीवर घ्यावयाचे इरले वरून पाऊस झेलते, पण खालून मोकळे असते. त्यामुळे आतला माणूस घामाने भिजत नाही. यंत्रासही इरले हवे, गाठोडे नको. पेटीवर पाणी न झिरपणारे आच्छादन वरून घालावे व खालची बाजू मोकळी सोडावी. काम करिताना पेटी सदैव चकतीहून उंच राहील असे धरावे. यंत्र कोठे टेकावयाचे झाल्यास उलटे टेकू नये, नाहीतर दांड्यातील पाणी पेटीकडे उतरते. सेल बदलावयाचे ते छपराखालीच.

घरी आल्यावरचा क्रम असा असावा. प्रथम यंत्र बंद करून सेल काढावे. गोड्या पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने पेटी व दांडा पुसावा. कोरड्या फडक्याने मीठ जात नाही, पसरते मात्र. चकतीखालचे झाकण काढून आतील वाळू व चिखल धुवावा, कारण तेथे अडकलेला चिखल खोटे आवाजही देतो. दांड्याचे भाग सुटे करून पाणी निथळू द्यावे. मग सारे सावलीत, वारा खेळेल अशा जागी, एक दिवस तरी उघडे ठेवावे. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. त्याने रबर व प्लॅस्टिक वाकते.

कोरडे झाल्यावरच ते घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे व सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. कोरडे असता निळे दिसणारे हे खडे ओल शोषल्यावर गुलाबी होतात. नारिंगी जातीचे हिरवे होतात. मंद आचेवर तापविले की पुन्हा कामास येतात. मात्र ज्या तव्यावर आपण भाकरी भाजतो त्यावर ते तापवू नयेत, कारण निळ्या जातीतील रंगद्रव्य विषारी असते. डब्यात तांदूळ घालण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. तांदूळ ओल फारच थोडी ओढतो आणि त्याचे पीठ फटीत जाते. कळीचा चुना तर मुळीच नको, त्याची भुकटी दाहक असते. दर पंधरा दिवसांनी यंत्र काढून, सेल घालून, थोडा वेळ चालवून पाहावे.

पाणी आत शिरलेच, तर 'चालते का' म्हणून कळ दाबून पाहण्याचा मोह आवरावा. ओल्या अंगात प्रवाह सोडिला की उरलेसुरले यंत्रही जाते. पाणी खारे असेल तर त्याच दिवशी जाणत्या कारागिराकडे न्यावे. सेल पाझरून कीट धरला असेल, तर हातास न लागू देता लिंबाच्या रसात भिजविलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावा, नंतर ओलसर फडक्याने, व पूर्ण सुकवून पट्ट्या खोडरबराने घासाव्यात.

नाजूक यंत्रास योग्य घर असावे लागते, याचा धडा आपल्या जवळच आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या यावयाच्या होत्या, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय मोजमापे बिघडली असती. म्हणून १९०४ साली अलिबागेस चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या इमारतीकरिता चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड मुद्दाम आणविला. शंभर वर्षांहून अधिक काळ त्याच खाऱ्या हवेत तेथील नोंदी चालत आल्या आहेत. आपणास दगडी इमारत नको, एक कोरडा डबा पुरे.

जाता जाता एक कायद्याची गोष्ट. यंत्राने लोखंड शोधता शोधता जुना ठेवा हाती लागल्यास तो घरात ठेवू नये. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. संरक्षित किल्ल्यांच्या हद्दीत तर यंत्र घेऊन जाऊच नये.

असो. दुरुस्तीनंतर आमचे यंत्र आता पुन्हा बोलते. ज्याच्या हाती ते जाते, त्याने परत आणताना ते पुसून, सुकवून, सेल निराळे करून आणावे, असा नियम आम्ही केला आहे आणि तो मोडणाऱ्यास पुढच्या पाळीस यंत्र मिळत नाही. इतर गावांतील शेतकरी बंधूंनी असे सामाईक यंत्र घेतल्यास हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, एवढीच आमची विनंती आहे.