पगाराचा रकाना लपवू नका
लेखमाला : संस्थेचा संसार – भाग ७

गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०५ साली पुण्यात भारत सेवक समाज काढला. तुटपुंज्या मानधनावर आयुष्यभर सार्वजनिक काम करणारी माणसे तयार करणे, हा त्याचा हेतू. अशा कामात देणगीदाराच्या नावाच्या कोनशिलेला जागा नसते. तरीही सर रतन टाटा यांनी समाजाला वर्षाला दहा हजार रुपये, तेही सलग दहा वर्षे, देऊ केले. (हे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव. आजच्या वाचकांना ठाऊक असलेले रतन टाटा हे दत्तक नात्याने त्यांचे नातू.)

सर रतन १९१८मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा न्यास उभा राहिला. त्यांच्या मृत्युपत्रातल्या दोन अटी आजच्या कोणत्याही संस्थाचालकाने वाचाव्यात अशा आहेत. नीट आखणी न केलेल्या योजनेला पैसा देऊ नये, ही एक. जिचे हिशेब नियमित ठेवले जात नाहीत आणि दरवर्षी तपासले जात नाहीत, अशा संस्थेला मदत करू नये, ही दुसरी.

कौटुंबिक प्रतिष्ठानांची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. पैसा एका घराचा असतो, त्यामुळे आवडनिवड घरची असते. कुणी फक्त शिक्षणाला देतो, कुणी फक्त आपल्या मूळ गावाच्या परिसरात. दुसरीकडे, छाननी मात्र पगारी, जाणकार माणसे करतात. तालुक्याच्या गावातल्या संस्था नेमक्या इथेच घसरतात. तोच तीस पानी प्रस्ताव वरचे नाव बदलून वीस ठिकाणी धाडला जातो आणि उत्तर आले नाही की ‘ओळख लागते हो’ म्हणून सुस्कारा सोडला जातो. ओळखीने दार उघडते, हे खरेच. पण प्रतिष्ठानाने गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाला, कशासाठी आणि साधारण किती दिले, हे आधी पाहिले तर निम्मे टपाल वाचेल. पहिले पत्र एका पानाचे पुरते: काम काय, कुठे, कुणासाठी, किती रक्कम, किती काळ. सोबत तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद. धर्मादाय आयुक्तांकडील नोंदणी, १२ए आणि ८०जी हवेतच. आयकराच्या या दोन्ही नोंदण्या आता कायमच्या नसतात, त्यांची मुदत तपासून घ्यावी.

खरी गफलत होते ती अंदाजपत्रकात. ‘पगाराला कोणी देत नाही’ अशी समजूत इतकी घट्ट आहे, की कार्यकर्तीचे मानधन ‘प्रशिक्षण साहित्य’ या नावाखाली दडवले जाते. लेखापरीक्षणात ते उघडे पडते आणि मग संस्थेची पत जाते. या भीतीमागे दोन आकड्यांचा घोळ आहे. सीएसआर नियमांतली प्रशासकीय खर्चाची ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, काम करणाऱ्या संस्थेच्या खर्चावर नाही. २० टक्क्यांची मर्यादा २०२०च्या दुरुस्तीने आली, ती परदेशी देणग्यांतून होणाऱ्या प्रशासकीय खर्चावर. देशातल्या पैशावर चालणाऱ्या कौटुंबिक न्यासाच्या अनुदानाला यातली एकही लागू नाही. तिथे किती आणि कशासाठी द्यायचे, हे विश्वस्त ठरवतात. म्हणजेच बोलायला वाव आहे.

तेव्हा पाळणाघर चालवायचे असेल तर सेविकेचा पगार, जागेचे भाडे, वीजबिल आणि हिशेबनीसाचे मानधन स्वतंत्र ओळींत लिहावे. एका वर्षाऐवजी तीन वर्षांसाठी मागावे आणि चौथ्या वर्षी पैसा कुठून येणार, तेही सांगावे. नकार आला तर कारण विचारायला लाजू नये; पुष्कळ ठिकाणी ते सांगतात.

पुढील आठवड्यात : अनुदान मिळाल्यानंतरचा पहिला अहवाल कसा लिहावा.