विश्लेषण : स्वमग्न मुलासाठी थेरपीइतकेच घर महत्त्वाचे का?

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, हाक मारली तर वळून पाहत नाही. घरात उत्तर ठरलेले असते, ‘बोलेल हळूहळू, याचा बाबाही उशिराच बोलला होता.’ वर्ष-दीड वर्ष असेच जाते. मग निदान होते आणि आठवड्याला दोन-तीन तासांची थेरपी सुरू होते. पण चार वर्षांचे मूल आठवड्यात साधारण ९० तास जागे असते. उरलेल्या तासांत घरात काय घडते, यावर बरेच काही अवलंबून असते.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा आजार नाही. मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने झाल्याने संवाद साधणे आणि इतरांशी मिसळणे अवघड जाते. एकच कृती पुन:पुन्हा करणे, रोजचा क्रम बदलला की अस्वस्थ होणे, आवाज किंवा स्पर्श सहन न होणे, असेही दिसते. प्रत्येक मुलात हे प्रमाण वेगळे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती.

आईच्या संगोपनात कमी पडल्याने किंवा लसीमुळे स्वमग्नता येत नाही. लसीशी संबंध जोडणारा १९९८ मधील शोधनिबंध ‘लॅन्सेट’ने २०१० मध्ये मागे घेतला.

कोणती लक्षणे दिसल्यास थांबू नये?

- वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर प्रतिसाद देत नाही.
- दीड वर्षापर्यंत आवडीची वस्तू बोटाने दाखवत नाही.
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही.
- आलेले शब्द बोलणे बंद होते. हे कोणत्याही वयात घडले तरी डॉक्टरांना दाखवावे.

१६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ ही २० प्रश्नांची चाचणी वापरतात. ते निदान नव्हे, पुढील तपासणीची गरज त्यातून कळते. ऐकू येते का, हेही तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते. गरज भासल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते.

घरच्यांनी शिकल्याने फरक पडतो का?

याचे एक उत्तर गोव्यातून मिळाले. गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे दोन ते नऊ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले. मुलाशी खेळतानाचा व्हिडीओ पालकांना दाखवायचा आणि मूल कधी प्रतिसाद देते हे त्यांनीच ओळखायचे, अशी पद्धत होती. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने जाऊ लागला आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. सगळेच मात्र सुधारले नाही. दोघांनी एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ घटला.

म्हणजे पालकांनी शिकणे ही जादू नाही आणि तो थेरपीला पर्यायही नाही. पण तज्ज्ञ जवळ नसलेल्या तालुक्यातही सुरुवात करता येते.

घरात नेमके काय करावे?

- मुलाच्या खेळात सामील व्हा : ते गाड्या रांगेत लावत असेल, तर एक गाडी तुम्ही द्या.
- कमी बोला, थांबा : ‘पाणी हवे?’ एवढेच विचारा आणि उत्तरासाठी वेळ द्या. हाताने दाखवणेही उत्तरच आहे.
- चित्रांचे वेळापत्रक लावा : अंघोळ, नाश्ता, शाळा. पुढे काय होणार हे कळले की मूल शांत राहते.
- हट्ट आणि त्रास यांत फरक करा : कुकरची शिट्टी, मिक्सर किंवा लग्नातील बँड असह्य झाल्यानेही मूल किंचाळते. तेव्हा रागावू नका, शांत जागी न्या.

सगळा भार आईवरच का?

अनेक घरांत आईच नोकरी सोडते, थेरपीला नेते, नातेवाइकांचे टोमणेही ऐकते. ती थकली की मुलाचा सरावही थांबतो. त्यामुळे बाबांनी आठवड्यातील एक सत्र स्वतः करावे, आजी-आजोबांनी तेच शब्द आणि तीच चित्रे वापरावीत. भावंडालाही वेगळा वेळ हवा. त्याला लहानपणापासूनच ‘पुढे तुलाच सांभाळायचे आहे’ असे ऐकवू नये.

कायदा काय देतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रासाठी ‘आयएसएए’ ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची तरतूदही कायद्यात आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो. थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो.

१८ वर्षांनंतर काय?

मूल सज्ञान झाले की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. गरज असल्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्यातील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न प्रत्येक घराला छळतो. त्याची तयारी १८व्या वर्षी सुरू होत नाही. स्वतः जेवणे, कपडे घालणे, नको असेल तेव्हा ‘नको’ सांगणे, हे आजपासून रोज थोडे थोडे शिकवणे हीच ती तयारी.