क्रेफिशची बाह्यरचना व देहखंड : नीरा खोऱ्यातील झिंगा व खेकडा यांच्या संदर्भात

प्रस्तावना

टी. एच. हक्सले यांनी १८८० मध्ये क्रेफिश या एकाच प्राण्यावर ग्रंथ लिहून त्याच्या आधारे प्राणिशास्त्राची ओळख करून दिली. तेव्हापासून कवचधारी वर्गाचा नमुना म्हणून क्रेफिशची आकृती पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. हा प्राणी मात्र भारतात निसर्गतः आढळत नाही. मादागास्कर बेटावर तो आहे, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर नाही. नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रातील वडगाव निंबाळकर परिसरातील विद्यार्थ्याच्या ओळखीचे असतात ते झिंगा आणि खेकडा. तिघेही दशपाद गणातील असल्याने पुस्तकातील आकृती आणि हातातील प्राणी एकच समजले जातात व नेमके येथेच चुका होतात.

देहखंडांची मांडणी

क्रेफिशचे शरीर शिरोवक्ष व उदर या दोन भागांचे दिसते. शिरोवक्षावर एकसंध पृष्ठवर्म असून पुढे त्याचे टोकदार तुंड होते. पृष्ठवर्मावरील आडवी ग्रीवाखाच शिर व वक्ष यांची सीमा सुचविते. खंड वरून मोजता येत नाहीत. प्राणी उताणा करून उपांगांच्या जोड्या मोजाव्या लागतात. शिराच्या ५ जोड्या : लघुशृंगिका, शृंगिका, जंभ व जंभिकांच्या २ जोड्या. वक्षाच्या ८ : जंभपादांच्या ३ व चलनपादांच्या ५. उदराच्या ६ : प्लवपादांच्या ५ व पुच्छपादांची १. एकूण १९. शेवटचा पुच्छखंड हा खरा देहखंड मानला जात नाही. जुन्या ग्रंथांत २० ही संख्या आढळते, कारण तेथे नेत्रवृंतही उपांग धरले आहेत. विद्यार्थ्याने २० लिहिल्यास त्याला चूक ठरविण्यापूर्वी त्याने काय मोजले हे विचारणे न्याय्य होईल.

सर्व उपांगांचा मूळ आराखडा एकच, म्हणजे एक तळखंड व त्यातून निघणाऱ्या दोन शाखा. प्लवपादात तो स्पष्ट दिसतो. चलनपादात बाह्यशाखा लोप पावलेली असते, तर जंभात तळखंडच चर्वणासाठी कठीण झालेला असतो. एकाच आराखड्यातून चावणे, चालणे, पोहणे व अंडी वाहणे ही कामे कशी साधली, हा या प्राण्याच्या अध्यापनातील सर्वांत मोलाचा भाग होय. नावे पाठ करून घेण्यात तो बहुधा हरवतो.

स्थानिक प्राण्यांशी तुलना

मॅक्रोब्रॅकियम प्रजातीच्या झिंग्यातही १९ जोड्याच असतात. भेद अन्यत्र आहे. क्रेफिशच्या पहिल्या तीन चलनपादांना चिमटे असून पहिली जोडी सर्वांत मोठी, तीच नांगी. झिंग्यात पहिल्या दोनच जोड्यांना चिमटे असतात आणि दुसरी जोडी लांब असते; प्रौढ नरात ती विशेष लांब होते. झिंग्याचे शरीर दोन्ही बाजूंनी चपटलेले असून दुसऱ्या उदरखंडाची पार्श्वपट्टी पहिल्या व तिसऱ्या अशा दोन्ही खंडांच्या पट्ट्यांवर येते. क्रेफिशमध्ये अशी दुहेरी झाकण नसते.

दख्खनच्या पठारावरील बॅरिटेलफ्यूसा क्यूनिक्युलॅरिस या खेकड्यात एकाच जोडीला चिमटा असतो. त्याचे उदर पोटाखाली दुमडलेले असून पुच्छपाद नसतात. नराचे उदर अरुंद व त्यावर प्लवपादांच्या दोनच जोड्या. मादीचे रुंद व चार जोड्या. अंडी व नंतर पिल्लेही मादी याच उदराखाली वाहते. नर-मादी ओळखण्यास क्रेफिश व झिंग्यात जननछिद्रे पाहावीत : नरात पाचव्या, तर मादीत तिसऱ्या चलनपादाच्या तळाशी.

निरीक्षणाचे महत्त्व

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानंतर बाह्यरचनेच्या निरीक्षणाचे वजन वाढले. त्याला आणखी एक कारण आहे. परकी चिलापी उजनी जलाशयात स्थिरावल्याचे इंदापूरच्या मच्छीमारांना सांगावे लागत नाही. संगमरवरी क्रेफिश १९९० च्या दशकात जर्मनीतील शोभेच्या मत्स्यटाक्यांत प्रथम लक्षात आला. त्याची मादी नराविना प्रजनन करते, म्हणजे पाण्यात सोडलेली एक मादीही पुरेशी ठरू शकते. जाळ्यात अनोळखी ‘मोठा झिंगा’ आल्यास त्याच्या किती चलनपादांना चिमटे आहेत, हे प्रथम मोजावे. तीन जोड्या भरल्या तर तो प्राणी पाण्यात परत सोडू नये, जपून ठेवून महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात आणावा.