एमसीबी दुपारी चारलाच का पडते?

मे महिन्यात घरमालकीण काकूंचा फोन ठरलेल्या वेळी यायचा. चार, सव्वाचार. "अगं, पुन्हा पडली नं ती!" ती म्हणजे एमसीबी. त्या खाली राहतात, मी वरच्या खोलीत. 'सायन्सवाली' म्हणून तक्रार माझ्याकडे. (मी इलेक्ट्रिशियन नाही, हे दोन वर्षांपासून सांगतेय.)

घर जुनं, अर्धं घर एकाच 16 अँपिअरच्या एमसीबीवर. आजोबांच्या खोलीतला दीड टनाचा एसी दिवसभर सुरू. चारला चहासाठी इंडक्शन लागतं, सोबत इस्त्री. पण सकाळी दहालाही याच तीन गोष्टी एकत्र चालतात आणि काहीच होत नाही. मग चारलाच काहून? काकूंचं म्हणणं, एमसीबीच खराब. इलेक्ट्रिशियन म्हणाला, 16 काढून 32 ची टाकतो, कटकट संपली.

इथे माझा विषय आला. मी पीएचडीत धातूंच्या पातळ थरांचा अभ्यास करते: दोन थर चिकटवलेले असले आणि तापले की ते किती वाकतात. एमसीबीच्या पोटात नेमकं हेच असतं. दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. त्यातून करंट गेला की ती तापते, एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, आणि पट्टी वाकून खटका पाडते. हे वाकणं किती, याचं गणित तिमोशेन्को यांनी 1925 सालीच मांडलं. माझ्या शोधनिबंधातही तेच समीकरण फिरून फिरून येतं.

त्या समीकरणात फक्त तापमान असतं. उष्णता करंटमुळे आली की उन्हामुळे, हे पट्टीला कळत नाही. घरगुती एमसीबीच्या मानकात 30 अंश हे संदर्भ तापमान धरलेलं आहे. आणि नागपूरचा मे तुम्हाला माहीत आहे. (2024 च्या मे महिन्यात इथल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते. नंतर हवामान खात्याने सेन्सरचा दोष सांगितला. आपल्याला 45 सुद्धा पुरे.) काकूंचा बोर्ड पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर, पत्र्याच्या डब्यात, तीननंतर थेट उन्हात.

आता हिशोब करू. एसी साधारण साडेसात अँपिअर. 2000 वॉटचं इंडक्शन, 230 ने भागलं की 8.7. हजार वॉटची इस्त्री 4.3. बेरीज साडेवीस. मानक असं की 16 ची एमसीबी 1.13 पट, म्हणजे 18 अँपिअरला तासभर तरी पडू नये, आणि 1.45 पट, म्हणजे 23 ला तासाभरात पडायलाच हवी. साडेवीस मधोमध. सकाळी अर्धा तास निभावून जातं. डब्यात 50 अंश झाले की तीच एमसीबी साधारण साडेचौदाची असल्यासारखी वागते, आणि साडेवीस तिच्यासाठी जवळजवळ 1.45 पट होतात. एमसीबी अगदी धडधाकट होती.

32 ची टाकली असती तर ती पडली नसती, खरंय. पण भिंतीतली तार तीच जुनी, 2.5 चौरस मिलिमीटरची. एमसीबी त्या तारेला वाचवायला असते. 32 बसवली की आधी तार तापणार, आणि ती भिंतीच्या आत असल्याने तुम्हाला दिसणारही नाही.

तुमच्याकडे पडत असेल तर आधी वेळ बघा. काही मिनिटांनी पडते? लोड जास्त आहे, किंवा एखादा स्क्रू ढिला होऊन तिथे गरम होतंय. वर करताक्षणी टक्कन पडते? मग पट्टीचा संबंध नाही, आतलं चुंबक काम करतंय, म्हणजे शॉर्ट. सगळे प्लग काढा, एमसीबी वर करा, एकेक प्लग लावत जा. कशाने पडते ते लगेच सापडतं. काहीही न लावता पडत असेल तर दोष वायरिंगमध्ये. तिथे स्वतः हात घालू नका.

तिसरा प्रकार मात्र वेगळाच, आणि विदर्भात तोच सगळ्यात महत्त्वाचा. कुलर. कुलरचा पंप सुरू केला की मोठं, 'टी' बटण असलेलं ब्रेकर पडतं? ती आरसीसीबी, जुने लोक ईएलसीबी म्हणतात. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत येतो की नाही, एवढंच ती बघते. 30 मिलिअँपिअर कुठेतरी गळाले की पडते. लोड कितीही कमी असो. पंपाच्या आत पाणी शिरलं की करंट पत्र्याच्या बॉडीत उतरतो.

आता हे नीट वाचा. कुलरला अर्थिंग असेल तर गळती अर्थिंगवाटे जाते आणि हात लागायच्या आधीच आरसीसीबी पडते. दोन पिनचा प्लग असेल तर गळतीला वाटच नाही, सगळं शांत. मग कुणीतरी अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून पाणी भरायला जातं, आणि वाट त्याच्या शरीरातून तयार होते. आरसीसीबी असेल तर ती तेव्हा पडते. सारखी पडते म्हणून काढून टाकली असेल, तर पडायला काहीच उरत नाही. दर उन्हाळ्यात अशा बातम्या आपल्या पेपरात येतात.

काकूंकडे आता एसीला वेगळी लाइन आणि वेगळी एमसीबी आहे, बोर्डावर छोटं छप्पर. कुलरचा पंप बदलला, तीन पिनचा प्लग लावला. पाणी भरण्याआधी त्या प्लगच काढतात, नुसतं बटण बंद करून भागवत नाहीत. आणि महिन्यातून एकदा 'टी' दाबतात. पहिल्यांदा दाबलं तेव्हा सगळं घर बंद पडलं आणि फोन आला, "अगं, मी काही बिघडवलं का?" काही नाही काकू, तसंच व्हायला पाहिजे. दाबूनही पडलं नसतं, तर मी धावत खाली आले असते.