पोटातली चौदा इंजेक्शने आता नाहीत

वस्तीत कुत्रा चावला की आजही आम्हांला ऐकू येते, “पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील!” या भीतीने जखमेवर मिरची-चुना लावून गप्प बसणारी घरे आम्ही पाहिली आहेत.

ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. लसीसोबत मेंदूचे अंशही अंगात जात. त्यामुळे काहींना लकवा होई. भारतात ती २००४-०५ च्या सुमारास बंद झाली.

आजची लस प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून बनते. विषाणू मारतात आणि शुद्ध करतात. शुद्ध करण्याची एक रीत म्हणजे क्रोमॅटोग्राफी. सच्छिद्र बारीक मण्यांनी भरलेल्या नळीतून द्रव सोडतात. मोठे विषाणूकण आधी बाहेर येतात; पेशींचा बारीक गाळ मण्यांच्या छिद्रांत शिरून मागे रेंगाळतो.

सरकारी दवाखान्यात ही लस दंडावर, पहिल्या दिवशी व मग ३, ७, २८ दिवसांनी देतात. चावल्याबरोबर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आले असेल तर जखमेत सीरमही लागते. रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस वाचवणे जवळपास अशक्य असते. म्हणून एकही मात्रा चुकवू नका.