छातीतील पू : औषध की दुर्बीण?

‘छातीत पू झाला आहे’ असे समजताच रुग्णाचे नातेवाईक विचारतात, शस्त्रक्रिया करावी लागेल का? देणगीदारांचा प्रश्न निराळा असतो : औषधांनी भागत असेल, तर दुर्बिणीच्या महाग शस्त्रक्रियेस साहाय्य कशासाठी? या दोन्ही प्रश्नांचा येथे एकत्रित विचार करीत आहोत.

न्यूमोनियानंतर काही रुग्णांच्या फुफ्फुसाभोवतीच्या दुपदरी आवरणात जंतुसंसर्ग होऊन पू साचतो. योग्य प्रतिजैविके आणि छातीत बसविलेली नळी हा उपचाराचा पाया होय. अनेक रुग्ण एवढ्यानेच बरे होतात. आपल्या देशात क्षयरोगाची तपासणीही आवश्यक ठरते. मात्र दिवस लोटले की पुवात तंतूंची जाळी होऊन कप्पे पडतात आणि नळीतून निचरा होईनासा होतो. अशा वेळी दोन मार्ग असतात.

पहिला, नळीवाटे औषध सोडण्याचा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील मोठ्या अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेजचा लाभ आढळला नाही. २०११ साली मात्र टीपीए व डीएनेज ही औषधे एकत्रित दिल्यास निचरा सुधारतो व शस्त्रक्रियेची गरज घटते, असे दिसून आले. पहिले औषध तंतू विरघळविते, दुसरे पुवाचा चिकटपणा कमी करते. एकेकटी दिल्यास तो लाभ मिळाला नाही. रक्तस्रावाचा धोका असल्याने ही औषधे देखरेखीखालीच दिली जातात.

दुसरा मार्ग ‘व्हॅट्स’चा. लहान छिद्रांतून कॅमेरा व उपकरणे घालून शल्यविशारद कप्पे मोडतात आणि पू धुऊन काढतात. यासाठी भूल सोसण्याइतकी प्रकृती हवी.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ६० मुलांवरील एका तुलनात्मक अभ्यासात युरोकायनेज औषध व व्हॅट्स यांनंतरचा रुग्णालयातील मुक्काम सारखाच भरला. औषधाचा खर्च कमी आला. प्रौढांच्या बाबतीत अद्याप निर्णायक कौल मिळालेला नाही.

तात्पर्य, हे दोन उपचार परस्परांचे स्पर्धक नसून खरा शत्रू विलंब आहे. फार उशीर झाल्यास फुफ्फुसावर जाड कवच धरते आणि छाती उघडून मोठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ येऊ शकते. म्हणूनच न्यूमोनियावर उपचार चालू असूनही ताप हटत नसेल, तर नातेवाइकांनी डॉक्टरांना त्वरित भेटावे, ही विनंती. उपचाराची निवड रुग्णाच्या प्रकृतीवरून व्हावी, त्याच्या खिशावरून नव्हे.