ट्रॅक्टर घ्यायचाय? आधी कोरा कागद आणि पेन घ्या

दसरा, पाडवा नाहीतर अक्षय तृतीया जवळ आली की माझ्याकडे एक ठरलेलं बोलावणं येतं. "भाऊसाहेब, ट्रॅक्टर बघायला चाललोय, येता का बरोबर?" मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो, त्यामुळे लोकांना वाटतं याला सगळं कळतं. जमेल तेव्हा जातो. जातो म्हणजे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतो, चहा घेतो आणि ऐकतो. शोरूम कुठलीही असो, बोलणं एकाच वळणाचं असतं. शेतकरी विचारतो, "किंमत किती?" समोरचा पोरगा हसून म्हणतो, "किमतीचं सोडा हो तात्या, हप्ता किती झेपेल ते सांगा."

शेतकरी बंधूंनो, इथेच निम्मा सौदा झालेला असतो.

हाच तात्या बैल घेताना दात बघतो, खांद्याची गाठ चाचपतो, चालवून, बसवून, उठवून बघतो. दुपार टळली तरी रुमालाखालची बोटं सोडत नाही. शोरूममध्ये मात्र तासाभरात पंधरा-वीस कागदांवर सह्या करून पेढ्याचा पुडा घेऊन बाहेर पडतो. तात्या अडाणी आहे म्हणून नव्हे. बैल त्याने आयुष्यात दहा वेळा घेतले, ट्रॅक्टर एकदा किंवा फार तर दोनदा. समोरचा माणूस रोज ट्रॅक्टर विकतो. शिवाय मुहूर्त ठरलेला, घरात सांगून झालेलं, हार आणलेला. हात हलवत परत जायचं कसं?

म्हणून जाण्याआधी घरीच कोरा कागद घ्या आणि शोरूममध्ये गेल्यावर त्यावर एकेक आकडा वेगळा लिहून मागा. "ऑन रोड इतके" हे उत्तर घेऊ नका. ट्रॅक्टरची मूळ किंमत, जीएसटी, विमा, नोंदणीचा खर्च, जोडसामान, सगळं वेगळं. तेही छापील लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी. व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहिलेल्या आकड्याला उद्या कोणी विचारत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मूळ किंमत ६ लाख धरली तर कर ७२ हजारांवरून ३० हजारांवर येतो, म्हणजे ४२ हजारांचा फरक. तो तुमच्या पदरात पडला की मूळ किमतीत मुरला, हे आकडे वेगळे केल्याशिवाय दिसत नाही.

'हँडलिंग' नावाची एक ओळ असते. ही कशाची, असं विचारा आणि तिची वेगळी पावती मागा. बऱ्याचदा पावती मागितली की ती ओळ विरघळते. टॉप लिंक, बंपर, हूड यांचंही तसंच. कंपनीकडून काय येतं आणि दुकानदार वेगळं काय विकतो, हे कंपनीच्या छापील माहितीपत्रकावरून ताडून घ्या. विमा शोरूममधलाच घ्यावा असा कायदा नाही. बाहेरून दोन कंपन्यांचे दर काढून न्या.

आता हप्त्याकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. "नऊ टक्के व्याज" ऐकून माणूस खूश होतो. ते नऊ टक्के फ्लॅट आहेत की घटत्या शिल्लकीवर, हे विचारायचं राहून जातं. ५ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, सहामाही १० हप्ते असा हिशेब करू. फ्लॅट नऊ टक्के म्हणजे व्याज सरळ २ लाख २५ हजार आणि हप्ता ७२ हजार ५००. घटत्या शिल्लकीवर नऊ टक्के असेल तर हप्ता सुमारे ६३ हजार २०० आणि एकूण व्याज सुमारे १ लाख ३२ हजार. फरक ९३ हजारांचा! कारण फ्लॅट पद्धतीत तुम्ही फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज भरत राहता. घटत्या शिल्लकीच्या भाषेत ते 'नऊ टक्के' जवळजवळ पंधरा टक्के पडतात. शोरूममध्येच टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला गोड बोलतो, चहाही पाजतो. पण आधी आपल्या बँकेत एक चक्कर मारा आणि तिथला दर याच कागदावर लिहा.

आणि कोऱ्या फॉर्मवर सही नको. नोंदणीच्या कागदांच्या गठ्ठ्यात फॉर्म २९ आणि ३० कोरे सरकवलेले मी पाहिले आहेत. हे वाहन दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म आहेत. नवा ट्रॅक्टर घेताना ते कशाला लागतात?

आता अनुदानाचं. इथे आमच्या खात्याचा संबंध येतो म्हणून जरा स्पष्ट लिहितो. कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनेत ट्रॅक्टरला अल्प, अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के किंवा सव्वा लाख, यातलं जे कमी ते मिळतं. इतरांना ४० टक्के किंवा १ लाख. अर्ज महाडीबीटीवर करायचा. निवड झाली, पूर्वसंमतीचं पत्र हातात आलं, की मगच खरेदी. आमच्या भागातल्या एका शेतकऱ्याला दुकानदार म्हणाला, "आत्ता मुहूर्तावर न्या, अनुदानाचं आपण करून देऊ." त्याने नेला. महिन्याभराने माझ्याकडे बिल घेऊन आला. बिलाची तारीख आधीची, आणि पूर्वसंमती तर नव्हतीच. मी काय करणार? माझ्यासमोर बसून त्याने दोनदा विचारलं, "काहीच होणार नाही का?" सव्वा लाख गेले. दुकानदार फोन उचलेना. अनुदान कोणी 'करून देत' नाही, हे मी तेव्हापासून दर ग्रामसभेत सांगतो. तरी दर वर्षी एखादा सापडतोच.

फसवणूक झालीच तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. शेतकरीसुद्धा ग्राहक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बियाण्यांच्या खटल्यात सांगितलेलं आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, ५ ते १० लाखांपर्यंत २०० रुपये. मुदत दोन वर्षांची. फक्त तिथे कागद लागतो, तोंडी वायदा चालत नाही. म्हणून तर सुरुवातीपासून लेटरहेडचा आग्रह.

मात्र या सगळ्याच्या आधीचा एक प्रश्न आहे आणि तो शोरूममध्ये तुम्हाला कोणीही विचारणार नाही. ट्रॅक्टर विकतच घ्यायला हवा का?

कृषी अभियांत्रिकीच्या हिशेबात ट्रॅक्टरचं आयुष्य १० वर्षं आणि वर्षाला १००० तास काम असं धरतात. समजा ट्रॅक्टर ७ लाखांचा. दहा वर्षांनी ७० हजार उरतील असं धरलं तर वर्षाची घसारा ६३ हजार. गुंतलेल्या पैशाचं व्याज १० टक्क्यांनी सरासरी साडेअडतीस हजार. विमा, शेड, किरकोळ मिळून १० हजार. म्हणजे ट्रॅक्टर दारात नुसता उभा असला तरी वर्षाला १ लाख ११ हजारांच्या वर खातो. १००० तास चालवला तर तासाला १११ रुपये पडले. पण पाच एकरवाल्याचा स्वतःच्या रानात किती चालतो? नांगरट, पाळी, पेरणी, थोडी वाहतूक असं सगळं मिळून दीडशे तास भरले तरी खूप. मग तासाला साडेसातशेच्या जवळ पडतात. डिझेल, ऑइल, ड्रायव्हर वेगळे. याशेजारी तुमच्या गावातला भाड्याचा दर लिहा. तो मी लिहीत नाही, गावागणिक बदलतो.

"पण ऐन वापशाला भाड्याचा ट्रॅक्टर मिळत नाही हो!" हे खरं आहे. रान वापशावर आलं की चार दिवसांत पेरणी उरकावी लागते आणि तेव्हा ट्रॅक्टरवाल्याच्या दारात रांग असते. त्यावर अवजारे बँक हा उपाय आहे. गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीने ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पेरणी यंत्र घ्यायचं आणि सभासदांना ठरल्या दराने, पाळीने द्यायचं. यांत्रिकीकरणाच्या योजनेत भाड्याने अवजारं देणाऱ्या केंद्रांना मदत आहे, आणि पोकराच्या गावांतही गटांच्या अशा बँका उभ्या राहिल्या. काही छान चालतात. काहींचा ट्रॅक्टर मात्र अध्यक्षांच्याच वस्तीवर असतो, हेही तुम्हाला ठाऊक आहे. जिथे पाळीची वही भिंतीवर टांगलेली असते आणि डिझेल ज्याचं त्याने घालायचं असतं, तिथे भांडणं कमी होतात, एवढं मी पाहिलंय.

शोरूमशिवाय विक्री ही कल्पनाही आता नवी राहिलेली नाही. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझने ऑक्टोबर २०२१ पासून भारतात गाडी थेट कंपनीकडून, देशभर एकाच किमतीला विकायला सुरुवात केली. डीलर फक्त गाडी दाखवतो आणि ताब्यात देतो. कोटीच्या गाडीवाल्याला घासाघीस करावी लागत नाही आणि आपल्याला सात लाखांच्या ट्रॅक्टरसाठी चार हेलपाटे! असो.

आपल्यासाठी दुसरा रस्ता म्हणजे जुना ट्रॅक्टर, थेट शेतकऱ्याकडून. अनुदान मिळत नाही, पण किंमत निम्म्यावर येते आणि मालक ओळखीचा असतो. बघायला सकाळी लवकर, न सांगता जा. इंजिन थंड असताना सुरू करायला लावा. गरम करून ठेवलेलं इंजिन कोणतंही चांगलंच सुरू होतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. वजनाचं अवजार उचलून लिफ्ट दहा मिनिटं तशीच ठेवा, खाली उतरते का बघा. रानात नांगर लावून ओढवून बघा. तासाच्या मीटरवर भरवसा ठेवू नका, क्लच आणि ब्रेकचं पेडल किती झिजलंय ते बघा. मॉडेलची ताकद जाणून घ्यायची तर मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेचे चाचणी अहवाल असतात. दुकानदार इंजिनचा एचपी सांगतो, पण रोटाव्हेटर पीटीओवर चालतो, आणि पीटीओचा एचपी त्याहून कमी असतो. तो आकडा अहवालात मिळतो.

मग कागद. इथे मी घरचीच गोष्ट सांगतो.

२०१३ साली आमच्या अण्णांनी जुना ट्रॅक्टर शेजारच्या तालुक्यातल्या एका माणसाला ९० हजारांना विकला. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं, नोटरी केली, आरसी बुक त्याच्या हातात दिलं. "नावावर करून घे रे बाबा," असं सांगितलं. तो "हो अण्णा" म्हणाला. चार वर्षांनी जिल्हा न्यायालयातून मोटार अपघात दाव्याची नोटीस आली. त्या ट्रॅक्टरच्या धडकेत एक मोटारसायकलवाला कायमचा अधू झाला होता. विमा केव्हाच संपलेला आणि आरसीवर नाव अण्णांचंच. अण्णा आठ दिवस धड जेवले नाहीत. "मी विकलाय ना तो!" हे एकच वाक्य. तीन वर्षं तारखा झाल्या. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली आणि आमच्या घरातून सव्वा लाख गेले. विकले ९० हजारांना, भरले सव्वा लाख. त्या मोटारसायकलवाल्याच्या बायकोला मी कोर्टाच्या व्हरांड्यात पाहिलं होतं, त्यामुळे पैसे दिल्याचं वाईट वाटलं असंही म्हणता येत नाही.

हा खटला चालू असतानाच, फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. त्यातली गाडी हातोहात अनेकदा विकली गेली होती, तरी भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याच्यावरच ठेवली. वकिलांनी तो वाचून दाखवला तेव्हा आम्हाला आमची जागा कळली.

तेव्हा विकणाऱ्याने फॉर्म २९ भरून १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्याने फॉर्म ३० ने नाव लावून घ्यायचं. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवरचा बोजा आपोआप उतरत नाही. त्याला बँकेची ना-हरकत आणि फॉर्म ३५ लागतो. ट्रॅक्टर गहाण असेल तर घेऊच नका, मालक सख्खा मेहुणा असला तरी. इंजिन आणि चेसिसचा नंबर चिंधीने पुसून आरसीशी स्वतः जुळवा. नोंदणीला १५ वर्षं झाली असतील तर नूतनीकरण झालंय का, तेही बघा. ट्रॉलीचे कागद वेगळे असतात, ते विसरू नका. जुन्या वाहनांच्या दुकानदारामार्फत विकत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून त्याला आरटीओची परवानगी बंधनकारक आहे, आणि वाहन त्याच्या ताब्यात गेल्याची ऑनलाईन नोंद करायची असते. ती झाल्याशिवाय चावी देऊ नका.

मागच्या वर्षी आम्ही आमचा दुसरा ट्रॅक्टर विकला. घेणारा भावकीतलाच. तरी अण्णा, वय ७४, माझ्याबरोबर एसटीने आरटीओत आले आणि दिवसभर बाकावर बसून राहिले. नव्या मालकाच्या नावाचं आरसी आलं, त्याची झेरॉक्स पत्र्याच्या पेटीत गेली, तेव्हा कुठे त्यांनी खिशातून चावी काढली.